जुन्या वास्तूतले नवे बिऱ्हाड

(गिरगावातील भाडेकरू कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी निवडलेला विषय ऐकून एका जुन्या सहकाऱ्याने मला बाजूला घेतले आणि विचारले, ‘‘अहो, जुन्या इमारतीतल्या घराची आतून फेररचना हा काय कार्यकर्त्यांपुढे बोलण्याचा विषय झाला? भिंतींचे रंग आणि पडद्यांची कापडे यांची चर्चा करायला गुळगुळीत कागदाची मासिके आहेत की!’’ त्यांचा आक्षेप मला समजतो. घर सजवणे हा सुस्थितांचा छंद आहे, अशी आपली एक ठाम समजूत असते. आपण घरभाड्यावर बोलतो, जमिनीच्या मालकीवर बोलतो, झोपडपट्टीच्या हक्कांवर मोर्चे काढतो. परंतु उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले की आपले राजकारण चपलांबरोबर बाहेर राहते. आज मला उंबरठ्याच्या आतलेच काही सांगावयाचे आहे.

घराचा नकाशा ही त्या घरातील माणसांच्या परस्परसंबंधांची अलिखित घटना असते, असे मी मानतो. पहाटे साडेचारला नळाला पाणी येते म्हणून घरातील एकच व्यक्ती उठते, आणि ती व्यक्ती कोण हे मोरी कोठे आहे यावर ठरते. रात्री अकरापर्यंत अभ्यास कोणाला करता येतो आणि कोणाला दिवा मालवावा लागतो, हे खोलीला मधली भिंत आहे की नाही यावर ठरते. बहात्तर वर्षांच्या म्हातारीने रात्री पाणी पिणे बंद करावे की नाही, हे शौचकूप किती पावलांवर आहे यावर ठरते. या गोष्टींना आपण ‘खासगी’ म्हणतो आणि म्हणूनच त्यांच्यावर ठराव करत नाही.

मुंबईच्या चाळीचा इतिहास आपणांस माहीत आहे; तरी त्यातील एक बाब अधोरेखित करणे आवश्यक वाटते. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढील अर्धशतकात कोकण-देशावरून माणसांचा लोंढा या बेटावर आला. त्यांना ठेवण्यासाठी चाळी उठल्या. काही सावकार-व्यापाऱ्यांनी बांधल्या, काही गिरणीमालकांनी, तर काही सरकारने. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे दोनशेहून अधिक चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका चाळीत ऐंशी खोल्या आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची! या खोल्यांमागची मूळ कल्पनाच मुळी अशी होती की कामगार हा एकटा पुरुष आहे; तो पाळीवरून येईल, पथारी पसरील आणि उजाडताच उठून जाईल. कुटुंब हा घटक त्या आराखड्यात नव्हताच. पुढे पुरुषाच्या मागोमाग बायको आली, मुले झाली, गावाकडून आईवडील आले. खोली मात्र तेवढीच राहिली. आपल्या गिरगावातल्या लाकडी चाळी थोड्या वेगळ्या. एक खोलीऐवजी दोन, समोर सज्जा, मागे परसू. पण पाणी आणि शौचकूप सामाईक, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच.

आमची चाळ अशांपैकीच एक. शंभराहून अधिक वर्षांची, तळमजला धरून चार मजली, दर मजल्यावर सहा बिऱ्हाडे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चुन्याचा थर देऊन बसवलेली शहाबादी फरशी. मी जन्मलो तेथेच आणि आजही राहतो तेथेच. चाळीच्या आठवणींचे गोडवे गाणारे लोक बहुधा चाळ सोडून गेलेले असतात, हे मी अनुभवाने सांगतो. जे राहतात त्यांना शेजारधर्माचे प्रेम असते आणि सकाळच्या रांगेचा तिटकाराही असतो. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

आता एक कबुली देतो. ती दिल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९९४ साली माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास सुरू झाला. आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर सज्जाच्या एका टोकाला आणि शौचकूप दुसऱ्या टोकाला. पावसाळ्यातील रात्री ओल्या सज्जातून तिला धरून नेताना मला स्वतःची लाज वाटे. मी निर्णय घेतला. आतल्या खोलीच्या कोपऱ्यातील तीन फूट बाय तीन फुटांची मोरी वाढवून तेथे शौचकूप व न्हाणी बांधून घेतली. भाडे वसूल करावयास येणाऱ्या गृहस्थांचा होकार चहापाण्याने मिळवला. ठेकेदाराने नळीला उतार मिळावा म्हणून जमीन नऊ इंच उचलली. विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून वर पांढऱ्या लाद्या बसवल्या. आई सुखावली. पत्नीची पहाटेची रांग संपली. शेजाऱ्यांनी येऊन पाहिले, कौतुक केले आणि काहींनी ठेकेदाराचा पत्ता विचारून घेतला. मी त्या काळी सामुदायिकतेवर पुष्कळ व्याख्याने देत असे.

बारा वर्षांनी, २००६ च्या श्रावणात, आमच्या खालच्या बिऱ्हाडात छताची एक फळी दोन सऱ्यांमधून निखळून खाली आली. ज्या जागी ती पडली तेथे त्या घरातील मुलगा दुपारी अभ्यासाला बसत असे. त्या दिवशी शाळा होती म्हणून तो वाचला. त्याची आई एका खानावळीत पोळ्या लाटण्याचे काम करी; नवरा काही वर्षांपूर्वी गेलेला. ती वर आली. तिने आवाज चढवला नाही. ती एवढेच म्हणाली, ‘‘भाऊ, आजींची सोय झाली हे चांगलंच झालं. पण ते पाणी आमच्या डोक्यावर येतं. तेवढं बघा.’’

सुताराला बोलावले. त्याने पेचकस तुळईच्या भिंतीतल्या टोकाला लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. शंभर वर्षे उभे राहिलेले सागवान बारा वर्षांच्या झिरपणीने आतून भुसा झाले होते. वरून विटा-सिमेंटचे ओझे होते ते वेगळेच. लाकडी इमारतीचा हा धर्म आपण ध्यानात घेत नाही. कोरडे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सतत भिजलेले आणि हवा न लागणारे लाकूड कुजते, आणि ते नेमके भिंतीत गेलेल्या टोकाशी कुजते. तिथे कोणाचे लक्ष जात नाही आणि सगळा भार तर तिथेच असतो.

मी घरी येऊन आईला सांगितले की हे सारे काढावे लागेल. मला वाटले होते ती रडेल. ती म्हणाली, ‘‘त्या पोराच्या डोक्यावर बसून मला कसली रे सोय?’’ न्हाणी काढून टाकली. त्यानंतर चार वर्षे ती पुन्हा सज्जातून चालत गेली. मजल्यावरच्या मुलांनी कठड्याच्या बाजूने तिच्यासाठी धरायला एक नळी बसवली आणि रात्रभर एक दिवा जळत ठेवला. एवढी साधी गोष्ट १९९४ साली माझ्या डोक्यात आली नव्हती.

त्यानंतर चाळीची बैठक भरली. तपासणी केली तेव्हा कळले की चोवीसपैकी चौदा बिऱ्हाडांनी आपापल्या परीने मोरी वाढवली होती, कोणी उघड तर कोणी गुपचूप. प्रत्येकाची नळी वेगळ्या ठिकाणी भिंत फोडून बाहेर आली होती. चौदा घरे सुधारली होती आणि त्यामुळे चोवीस घरे धोक्यात आली होती. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा आमच्या चाळीतील अनेकांना ती २००६ ची बैठक आठवली. त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी मी बोलत नाही. जुन्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला रात्री छताकडे पाहताना काय वाटते, एवढेच सांगतो.

त्या बैठकीपूर्वी मी थोडे वाचन केले आणि माझे लक्ष व्हिएन्ना शहराकडे गेले. आपल्या चळवळीतील वडीलधाऱ्यांना ‘लाल व्हिएन्ना’ हे नाव परिचित आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या त्या शहरातील कामगारांच्या इमारती आणि आपल्या चाळी यांत विलक्षण साम्य होते. तेथेही नळ व्हरांड्यात, शौचकूप व्हरांड्यात आणि ते अनेक बिऱ्हाडांत सामाईक. व्हरांड्यातील त्या नळाला ‘बासेना’ म्हणत. आपल्याकडे नळावरची भांडणे हा विनोदाचा विषय आहे. तेथेही बासेनावरच्या गप्पा आणि कुचाळक्या म्हणीसारख्या झालेल्या होत्या.

१९१९ मध्ये तेथील नगरपालिका सोशल डेमोक्रॅटांच्या हाती आली. १९२३ मध्ये त्यांनी घरबांधणीसाठी खास कर बसवला. वित्तखाते पाहणारे हूगो ब्राइटनर यांनी तो असा चढत्या दराने रचला की छोट्या बिऱ्हाडावर नाममात्र बोजा पडावा आणि उंची हवेल्यांवर भरघोस. करातील चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम अगदी मूठभर मालमत्तांकडून येई. १९३४ पर्यंत त्या पैशातून साठ हजारांहून अधिक घरे उठली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वसाहत म्हणजे कार्ल-मार्क्स-होफ. १९२७ ते १९३० या काळात कार्ल एन या वास्तुकाराने ती बांधली. लांबी एक किलोमीटरहून अधिक, घरे १,३८२, आणि एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर बांधकाम. बाकी सारी अंगणे आणि बागा! मुख्य म्हणजे प्रत्येक घरात स्वतःचा नळ आणि स्वतःचे शौचकूप. न्हाणी मात्र घरात नव्हती. स्नानगृहे, धुलाईघरे, बालवाड्या, ग्रंथालय, दंतचिकित्सालय ही सारी सामाईक होती. कोणती गोष्ट घरात असावी आणि कोणती समाईक असावी, याचा तेथे विचारपूर्वक निर्णय घेतला गेला होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये डोलफुस सरकारच्या सैन्याने याच वसाहतीवर तोफा डागल्या, हेही या वास्तूच्या इतिहासाचे पान आहे.

पण मला अधिक उद्‌बोधक वाटते ते त्यानंतरचे. कोणताही आदर्श नकाशा साठ वर्षांनी अपुरा पडतो. मुलांना स्वतंत्र खोली हवी झाली, म्हाताऱ्यांना जिने चढवेनात, घरात न्हाणी नसणे कोणाला पटेना. तेव्हा १९८९ ते १९९२ या काळात त्या सबंध वसाहतीचे नूतनीकरण झाले. लहान घरे एकमेकांत जोडून मोठी करण्यात आली, उद्वाहक बसवण्यात आले, बाहेरचे भव्य रूप मात्र जसेच्या तसे राखले. वसाहत आजही नगरपालिकेच्याच मालकीची आहे. तेथील एका जुन्या धुलाईघरात २०१० पासून लाल व्हिएन्नाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, आणि भोवती माणसे राहतात, कपडे वाळत घालतात. ऐतिहासिक वास्तू म्हणून तिचे जतन झाले आणि घर म्हणून तिची सुधारणा झाली. या दोहोंत विरोध आलाच नाही, कारण तिची फेररचना राहणाऱ्यांसाठी होती.

याच्या उलट उदाहरणही आहे. मॉस्कोतील नार्कोमफिन ही इमारत मोइसेई गिन्झबुर्ग आणि इग्नाती मिलिनिस यांनी १९२८ ते १९३० मध्ये बांधली. सामूहिक स्वयंपाकघर आणि सामूहिक जीवन यांचा तो एक धाडसी प्रयोग होता. कित्येक दशकांच्या दुरवस्थेनंतर, २०१७ ते २०२० या काळात, गिन्झबुर्ग यांच्याच नातवाच्या देखरेखीखाली तिचा मोठ्या निष्ठेने जीर्णोद्धार झाला. भिंतींचे मूळ रंगसुद्धा शोधून काढण्यात आले. पण घरे खासगी विक्रीला गेली. भिंत वाचली आणि भिंतीमागची कल्पना मात्र बाजारात गेली. जतन करताना आपण नेमके काय जतन करतो, हा प्रश्न येथे उभा राहतो.

आता आमच्या चाळीकडे परत येतो. व्हिएन्नाच्या मागे नगरपालिका होती. आमच्या मागे कोण होते? मालक म्हणाल, तर त्याची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या कायद्याने लक्षावधी सामान्य माणसांचे छप्पर टिकवले, हे निर्विवाद आहे. पण त्या भाड्यात तुळई बदलता येत नाही, हेही तितकेच निर्विवाद आहे. दुरुस्ती न करणे हेच मालकाच्या हिताचे ठरले. म्हणून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि आपण उपकर भरू लागलो. मंडळाने टेकू दिले, काही ठिकाणी तुळया बदलल्या. परंतु इमारत उभी ठेवणे एवढेच त्याचे उद्दिष्ट. आत राहणारे कुटुंब बदलले आहे, याची दखल घेण्याची तरतूद त्यात नव्हती.

कायद्यात एके ठिकाणी मात्र मला अनपेक्षित दिलासा मिळाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानुसार, मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम केल्यास भाडेकरूला जागा गमवावी लागू शकते. पण आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेली काही कामे त्यातून वगळली आहेत. लाकडी आडभिंत, दरवाजा, हवेसाठी उघडलेली खिडकी, धुराडे आणि स्वयंपाकघरातील उभा ओटा! बाईने जमिनीवर बसून चुलीपुढे वाकण्याऐवजी उभे राहून स्वयंपाक करावा, ही गोष्ट कोणा मसुदा लिहिणाऱ्याच्या लक्षात होती तर!

आमच्याच चाळीत वाढलेली एक मुलगी वास्तुशास्त्र शिकली होती. तिने काम अंगावर घेतले. ती मोजपट्टी घेऊन येईल अशी आमची अपेक्षा होती. ती कोरे कागद घेऊन आली. प्रत्येक बिऱ्हाडातील प्रत्येक माणसाने आपल्या चोवीस तासांचा तक्ता भरावयाचा, कोणत्या तासाला कोठे बसतो, कोठे झोपतो, कोठे कपडे बदलतो. पुरुषांनी तो चार ओळींत उरकला. बायकांचे कागद भरून वाहिले. माझ्या पत्नीच्या तक्त्यात बाहेरच्या खोलीचा उल्लेख रात्री नऊच्या आधी एकदाही नव्हता. माझ्या मुलीच्या तक्त्यात अभ्यासाची जागा म्हणून ‘जिन्याचा वळणावरचा चौक’ असे लिहिले होते. तीस वर्षे मी त्या घरात राहत होतो. घराच्या या नकाशाची मला कल्पना नव्हती.

त्या तक्त्यांवरून रचना ठरली. पहिली गोष्ट, पाणी लाकडापासून वेगळे करावयाचे. मागच्या परसात, स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या लोखंडी सांगाड्यावर उभे राहणारे तीन अरुंद मनोरे बांधावयाचे; दर मजल्यावर एकेका मनोऱ्यात दोन न्हाण्या आणि दोन शौचकूप, एकेका बिऱ्हाडाला एक. आतल्या खोलीची मागची खिडकी खालपर्यंत कापून तिचे दार करावयाचे. जुन्या इमारतीवर नव्या ओझ्याचा एक घमेलाही टाकायचा नाही. नळ्या चारही मजल्यांवर एकाखाली एक, उघड्या, दिसतील अशा. म्हणजे गळती लागली तर ती दुसऱ्या दिवशी कळेल, बारा वर्षांनी नाही. यात एक मोठे तत्त्व आहे. अशी रचना एका बिऱ्हाडाला करताच येत नाही. चौथ्या मजल्याची नळी खालच्या तिघांच्या संमतीवाचून जमिनीपर्यंत पोचत नाही.

दुसरी गोष्ट स्वयंपाकाच्या जागेची. मोरी गेल्यामुळे आतल्या खोलीत कोपरा मोकळा झाला. बहुतेक पुरुषांचे मत पडले की तेथे दार लावून नीटनेटके स्वयंपाकघर करावे. या ठिकाणी पुन्हा एक व्हिएन्नाचीच बाई आठवते. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नगरपालिकेच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखले ते आजच्या सर्व ओट्यांचे मूळ मानले जाते. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघरावरून सुचलेले. गृहिणीची पावले आणि मिनिटे मोजून रचलेले. असे सुमारे दहा हजार संच बसले. हेतू अत्यंत उदात्त होता, बाईचा वेळ वाचावा. पुढे टीका झाली ती अशी की त्या कार्यक्षम कपाटात बाई एकटी पडली. दुसरे माणूस आत मावतच नव्हते, म्हणून दुसरे कोणी कामाला येतही नव्हते. आपण त्या वेळी स्वतः स्वयंपाक करत नव्हतो, अशी प्रांजळ कबुली त्या विदुषीने नंतर दिली. नाझींविरुद्धच्या लढ्यासाठी कित्येक वर्षे तुरुंगात काढलेली ती बाई होती. आपल्या चुका सांगण्याचे धैर्य तिच्यापाशी होते.

आमच्या बायकांनी फ्रँकफुर्टचे नाव ऐकले नव्हते, पण त्यांनी दार नाकारले. दोन खोल्यांमधली आडभिंत लाकडी फळ्यांची होती, भार वाहणारी नव्हती. ती कमरेच्या वर उघडी केली आणि उभा ओटा तिलाच लागून आला. आता स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे तोंड बाहेरच्या खोलीकडे असते. बातम्या ऐकू येतात, आलागेला दिसतो, आणि बाहेर बसलेल्याला ‘‘जरा कांदा चिर’’ असे सांगता येते. ओट्याची उंची किती ठेवावी यावर मात्र सासू-सुनांचे एकमत शेवटपर्यंत झाले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत वादाची ठरली, ती म्हणजे सज्जा. दोघांनी आपल्यापुढचा सज्जा जाळ्या लावून बंद केला होता आणि आणखी पाचजणांना तो करायचा होता. अडीचशे फुटांच्या घरात तीस-चाळीस फुटांची भर पडते. मोह कोणाला होणार नाही? पण त्या मुलीने तक्ते पुढे ठेवले. म्हाताऱ्यांची दुपार सज्जात होती, मुलांचा खेळ सज्जात होता, आजारी माणसाकडे पाहायला येणारा शेजार सज्जातून येत होता. आतल्या दोन खोल्या राहण्याजोग्या होत्या त्या सज्जाच्या जिवावर. तो चोवीस घरांनी वाटून घेतला असता तर प्रत्येकाला एक अडगळीची जागा मिळाली असती आणि सर्वांची बैठक गेली असती. तीन बैठका झाल्या. एका बैठकीत मारामारी व्हावयाची राहिली. शेवटी जाळ्या निघाल्या.

पैशाचे म्हणाल तर चोवीस घरांची ऐपत सारखी नव्हती. सारखी वर्गणी म्हणजे न्याय, असे काहींचे म्हणणे. आम्ही ब्राइटनरसाहेबांचा धडा गिरवला आणि तीन पायऱ्या केल्या. नोकरदार दोन मिळवत्या माणसांचे घर अधिक देई, पेन्शनीचे मध्यम आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईचे सर्वांत कमी, तेही हप्त्यांनी. यावरही कुरकुर झाली. मी माझ्या वाट्याची रक्कम विनातक्रार भरली. माझ्यावर एका तुळईचे कर्ज होते. मालकाची लेखी संमती, महापालिका आणि मंडळ यांच्या परवानग्या यांत अडीच वर्षे गेली. २०१० मध्ये मनोरे उभे राहिले. आई त्यानंतर दोन वर्षे जगली. शेवटच्या दिवसापर्यंत ती आपल्या पायांनी सहा पावले चालून जात होती.

आता आजचा प्रश्न. गेली काही वर्षे आमच्याकडे विकासक येत आहेत. मोठी घरे, उद्वाहक, स्वतंत्र सारे काही. पुनर्विकासाच्या विरोधात शड्डू ठोकण्यासाठी मी येथे उभा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाच्या त्या आनंदाला नाक मुरडण्याचा नैतिक अधिकार मला नाही, आणि वारशाच्या नावाखाली लोकांना सामाईक शौचकुपांत डांबून ठेवण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी एक पावसाळा तेथे काढावा. १९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील वास्तूंच्या श्रेणी ठरवल्या, २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला; त्याचाही मला अभिमान आहे. पण माझ्या चाळीचे नाव कोणत्या यादीत आहे, यावर तिचे ऐतिहासिकत्व अवलंबून नाही. ज्या वास्तूत माणसांनी एकत्र राहण्याची एक रीत घडवली, ती वास्तू ऐतिहासिक होय.

म्हणून चाळ सुधारा किंवा पाडून नवी बांधा, माझे प्रश्न तेच राहतील. आज राहणारा उद्या तेथे राहील काय? की देखभालीचा मासिक खर्च न झेपल्यामुळे पाच वर्षांत घर विकून विरारच्या पलीकडे जाईल? घराचा नकाशा आखताना घरात सर्वांत जास्त तास घालवणाऱ्या व्यक्तीला कोणी विचारले काय? आणि सामाईक म्हणून काय उरणार आहे? वीस मजली इमारतीत बंद दारांची ओळ आणि मध्ये दिव्याखालचा बोळ एवढेच सामाईक राहणार असेल, तर पाचशे फुटांचे घर मिळूनही म्हातारीची दुपार कोठे जाईल, याचा विचार आजच, कागदावर सही करण्यापूर्वी व्हावयास हवा. सज्जा मागण्याचा हक्क वाटाघाटीत ठेवता येतो. चौरस फुटांच्या हिशेबात तो आपोआप येत नाही.

साथींनो, आपण कार्यकर्ते लोकांच्या घरी जातो, बाहेरच्या खोलीत बसतो, चहा घेतो आणि निघतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा आत जायची परवानगी मागा. मोरी पाहा, ओटा पाहा, पोरे कोठे अभ्यास करतात ते विचारा. चोवीस तासांचा तो तक्ता मी येथे आणला आहे. त्याच्या प्रती अध्यक्षांपाशी ठेवल्या आहेत. प्रत्येकाने एक घेऊन जावी आणि प्रथम स्वतःच्या घरी भरून घ्यावी. आणि आपल्या घरात नुकतीच काही सोय झाली असेल, तर एकदा जिना उतरून खालच्या बिऱ्हाडाचे छत बघून यावे.